ऑफिसातलं प्रेम आणि बीडचा कोयता

मराठी पडद्यावर ऑफिसातलं प्रेम आलं, ऑफिस मात्र यायचं राहून गेलं. प्रकाश कुंटे यांचा ‘कॉफी आणि बरंच काही’ (2015) घ्या. जाई आणि निषाद एकाच आयटी कंपनीतले. प्रार्थना बेहेरे आणि वैभव तत्त्ववादी यांनी त्यांचं अडखळणं गोड रंगवलंय. पण ही दोघं बँकेत असती, तरी कथेत काय फरक पडला असता? सतीश राजवाडे यांच्या ‘प्रेमाची गोष्ट’मध्ये (2013) सोनल पटकथालेखक रामची सहायक होते, तिथं काम निदान दोघांना रोज समोरासमोर बसवतं. तरी पगाराची ओढाताण, नोकरी जाण्याची धास्ती, चहाच्या टपरीवरची कुजबुज यांवर प्रसंग उभा राहत नाही.

याउलट सचिन पिळगांवकरांचा ‘अशी ही बनवाबनवी’ (1988). धनंजय माने सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात नोकर, माधुरी त्याची मालकीण. मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’ची (1966). पण मालकीण घरी येते, समोर भाड्याच्या घरासाठी धनंजयची बायको बनलेला मित्र, म्हणजे ‘पार्वती’, उभी राहते आणि धनंजय झालेल्या अशोक सराफांची जी तारांबळ उडते, ती अस्सल मराठी. सोंग टिकवावं तर प्रेम हातचं जातं, खरं सांगावं तर डोक्यावरचं छप्पर. पोटाची आणि निवाऱ्याची काळजी खरी, म्हणून हसूही खरं.

हाच निकष घेऊन बीडच्या ऊसतोड मजुरांकडे पाहा. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस अर्धा कोयता. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ उचल घ्यायची आणि दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कारखान्यावर जायचं. फडात तो ऊस तोडतो. ती मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते. संसार आणि मजुरी एकाच दाव्याला बांधलेली अशी जागा काचेच्या इमारतीत सापडायची नाही. 2019 मध्ये इथल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांनी राज्य हादरलं. ते दुःख झाकून विनोद करा, असं कुणी म्हणणार नाही. पण फडातली माणसं मुकादमाची नक्कल करून हसतात, रुसतात, एकमेकांची मनधरणीही करतात. त्यांच्याकडे फक्त रडायला जाणं हाही अन्यायच.

कथेसाठी फड जड वाटत असेल, तर बीड जिल्ह्यातच परळीचं औष्णिक वीज केंद्र आहे, अंबाजोगाईचं वैद्यकीय महाविद्यालय आहे, तालुक्याच्या गावातली पतसंस्था आहे. इथल्या मराठवाडी बोलीवर अख्खा महाराष्ट्र हसतो, हे मकरंद अनासपुरे यांनी केव्हाच दाखवून दिलंय. त्या बोलीला प्रेम करू देणारा चित्रपट मात्र विरळाच.

आपल्या ऑफिसप्रेमपटांना नटांची किंवा गाण्यांची वाण नाही, कामाची आहे. लेखकांनी आधी पात्रांच्या पगाराचा हिशेब मांडावा आणि मग त्यांना प्रेमात पाडावं.