‘गुलामगिरी’तील अमेरिका : अर्पणपत्रिका आणि कचेरी

जोतीराव फुले यांच्या ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका त्या पुस्तकापेक्षा कितीतरी जास्त लोकांनी वाचली आहे. जयंतीच्या भाषणात ती असते, शाळेच्या फलकावर असते, परीक्षेच्या गाईडमध्ये असते. १८७३ साली पुण्यात बसलेला एक माणूस आपले पुस्तक अमेरिकेतल्या, गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण करतो आणि आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा अशी इच्छा धरतो, ही गोष्ट सांगताना वक्त्यांना भरून येते, ते योग्यच आहे. काही जण मात्र खासगीत म्हणतात की जोतीरावांची अमेरिका भाबडी होती, ऐकीव होती. कौतुक करणारे आणि नाक मुरडणारे, दोघेही त्या एका पानावर थांबतात. अमेरिकेबद्दलचे पुस्तकाचे खरे म्हणणे त्या पानावर नाहीच. ते तेराव्या भागापासून पुढे, मामलेदार कचेरीच्या वर्णनात आहे.

आधी जोतीरावांना अमेरिका कुठून मिळाली ते पाहू. तरुणपणी, १८४७च्या सुमारास, त्यांनी मित्रांबरोबर टॉमस पेनचे ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचले. १७९१ आणि १७९२ या दोन वर्षांत दोन भागांत निघालेले हे पुस्तक एडमंड बर्कला दिलेले उत्तर. राजा किंवा सरकार आधी आणि मग कायदे, हा क्रम पेनने उलटा केला. लोक आधी, त्यांनी ठरवलेली राज्यघटना नंतर आणि तिच्या हुकमतीखाली सरकार. दाखला म्हणून तो पेनसिल्व्हेनियाची घटना कशी बनली ते सांगतो. मनुस्मृती आधी आणि माणूस नंतर अशा समाजात वाढलेल्या विशीतल्या पोराला हे वाचून काय झाले असेल, याची कल्पना करता येते.

पण पेनने ज्या घडणीचे कौतुक केले तिच्यात एक सौदा होता. १७८७ साली फिलाडेल्फियात घटना लिहिली गेली. प्रतिनिधिगृहात कुठल्या राज्याला किती जागा द्यायच्या हा वाद निघाला, तेव्हा दक्षिणेकडच्या राज्यांना आपले गुलाम मोजणीत धरून हवे होते. मत देण्यासाठी नव्हे, फक्त मालकांच्या जागा वाढवण्यासाठी. तोड निघाली ती तीन-पंचमांशाची : पाच गुलाम म्हणजे तीन माणसे. १७९०च्या पहिल्या जनगणनेत देशाची लोकसंख्या सुमारे ३९ लाख होती आणि त्यांत जवळपास ७ लाख गुलाम. एकट्या साउथ कॅरोलिनात अडीच लाखांपैकी १ लाख ७ हजार. एवढ्या लोकांचे वजन त्यांच्याच मालकांच्या पारड्यात पडले. शिवाय १८०८ पर्यंत गुलामांची आयात बंद करायची नाही आणि त्या मुदतीपूर्वी हे कलम दुरुस्तही करायचे नाही, असे लिहून ठेवले. पळून गेलेला गुलाम दुसऱ्या राज्यात सापडला तर मालकाला परत द्यायचा, हेही लिहिले. आणि एवढे सगळे करताना ‘गुलाम’ हा शब्द कुठेही येऊ दिला नाही. तो घटनेत प्रथम आला १८६५ साली, गुलामगिरी रद्द करणाऱ्या तेराव्या दुरुस्तीत. ज्याला नाव द्यायची लाज वाटते ते कलमात लपवायचे, ही कारकुनी हुशारी आपल्याही ओळखीची आहे.

पेनसिल्व्हेनियाने १७८० साली गुलामगिरी हळूहळू संपवण्याचा कायदा केला, तेव्हा पेन तिथल्या विधिमंडळाचा कारकून होता. हा कायदाही जपून केलेला. असलेला गुलाम गुलामच राहिला. त्या तारखेनंतर त्याच्या घरी जन्मलेले मूल सुटणार, तेही अठ्ठाविसाव्या वर्षी.

या पार्श्वभूमीवर अर्पणपत्रिका पुन्हा पाहावी. ती वॉशिंग्टनला नाही, घटनेला नाही, सरकारलाही नाही. ती माणसांना आहे, त्यांच्या वागण्याला आहे. ज्यांचा स्वतःचा काही फायदा नव्हता अशांनी दुसऱ्याच्या बेड्या तोडायला मदत केली, याबद्दल ती आहे. त्यामुळे तिला भाबडी म्हणणे मला पटत नाही. तिचा रोख अमेरिकेकडे कमी आणि पुण्याकडे जास्त आहे. तिथले गोरे करू शकले, मग तुम्ही शिकलेले लोक का नाही, असा तो टोला आहे.

तरीही एक अडचण उरते, आणि ती तारखेची आहे. पुस्तकाची इंग्रजी प्रस्तावना १ जून १८७३ची. त्याआधी सातच आठवडे, १३ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, लुइझियाना राज्यातल्या कोलफॅक्स गावी कृष्णवर्णीयांची कत्तल झाली होती. भांडण कशाचे? कचेरीचे. आदल्या वर्षीच्या निवडणुकीचा निकाल दोन्ही बाजूंनी आपापला मानला होता. कृष्णवर्णीय माणसे तिथल्या न्यायकचेरीच्या रक्षणासाठी जमली होती. गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने तोफ आणली, इमारत पेटवली आणि शरण आलेल्यांनाही मारले. मृतांचा आकडा साठाच्या वर जातो. गुलामगिरी रद्द होऊन आठ वर्षे झाली होती, मताचा हक्क देणारी पंधरावी दुरुस्ती १८७०ची. कागदावर काहीही कमी नव्हते. खटल्यात तिघे दोषी ठरले, पण १८७६ साली सर्वोच्च न्यायालयाने क्रूकशँक खटल्यात त्यांनाही सोडले. चौदावी दुरुस्ती राज्यांना बांधते, खासगी माणसांना नाही, हे त्यातले एक मुख्य कारण.

आता ‘गुलामगिरी’चा तेरावा भाग उघडा. मत्स्य, वराह, परशुराम, बळी यांची चिरफाड मागे पडली आहे आणि जोतीराव व धोंडीबा यांचा संवाद मामलेदार, कलेक्टर, न्यायखाते, इंजिनियर खाते यांच्यावर आला आहे. कायदा इंग्रजाचा, पण अर्ज लिहिणारा, वाचून दाखवणारा, जबानी उतरवणारा, पंचनामा करणारा कोण? साहेबाला भाषा येत नाही, कष्ट नकोत, आणि मधला माणूस ठरलेल्या जातीचा. मग कायद्याचे जे व्हायचे ते होते. चौदाव्या भागात युरोपियन कामगारांच्या निष्काळजीपणावर झोड आहे, पंधराव्यात शाळाखाते आणि म्युनिसिपालिटी. मुक्तीचा कायदा झाला तरी कचेरी कुणाच्या हातात आहे यावर सगळे अवलंबून असते, हे कोलफॅक्सचे सूत्र जोतीरावांनी कोलफॅक्सशिवाय, जुन्नर-पुण्याच्या खेड्यांवरून काढले होते. अर्पणपत्रिकेत अमेरिकेची मुक्ती पूर्ण झालेली दिसते. पुस्तकाचा उत्तरार्ध सांगतो की मुक्ती अशी पूर्ण होत नसते. या दोहोंत विसंगती आहे आणि माझ्या मते उत्तरार्ध जास्त शहाणा आहे.

त्याचा उपाय मात्र तोकडा आहे. खात्यांत एकाच जातीची भरती होऊ नये, ही मागणी काळाच्या फार पुढची. पण ती मान्य करून घेण्यासाठी जोतीराव शेवटी त्याच आळशी साहेबाकडे पाहतात. शिवाय गुलाम आणि अतिशूद्र यांची तुलना ते सरळ करतात, त्यातला फरक पुढे बाबासाहेब आंबेडकरांनी दाखवला : गुलाम जगावा यात मालकाचा निदान स्वार्थ असतो, अस्पृश्याच्या जगण्याची जबाबदारी कुणाचीच नसते.

आमचे टेंभुर्णी १८७३ साली निजामाच्या मुलखात होते. शेजारचा वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभारात. जोतीरावांचे चरित्र १९२७ साली लिहिणारे पंढरीनाथ सीताराम पाटील त्याच बाजूच्या बुलढाणा जिल्ह्यातले. सीमेच्या अलीकडे हे वारे उशिरा आले. पण मराठवाड्याने अमेरिकेचा धागा पुढे नेला : औरंगाबादेत गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’, लातूरकडे जनार्दन वाघमारे यांचे कृष्णवर्णीयांच्या साहित्यावरचे लेखन. आणि मराठवाड्यानेच तो उत्तरार्ध खराही करून दाखवला. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला. कागद पूर्ण होता. त्यानंतर काही दिवसांतच खेड्यापाड्यांत दलितांची घरे पेटली. नांदेड जिल्ह्यातल्या एका गावी पोचीराम कांबळे यांचा खून झाला. त्या गावाचेही नाव टेंभुर्णी. ठरावाची अंमलबजावणी, तीही नामविस्ताराच्या रूपात, १४ जानेवारी १९९४ला झाली. मधली साडेपंधरा वर्षे कचेरीतच गेली.

‘गुलामगिरी’च्या स्वस्त आवृत्त्या आता गावोगावच्या जत्रांत मिळतात, ही चांगली गोष्ट. त्यांपैकी एखाद्या प्रकाशकाने अर्पणपत्रिकेखाली दोन टिपा द्याव्यात. एक, १७८७च्या तीन-पंचमांश कलमाची. दुसरी, एप्रिल १८७३ची, आणि तिच्यापुढे कंसात : ‘भाग तेरावा पाहा’.