खराडीचे पठारे व महिकावतीची बखर

वि. का. राजवाडे यांनीं १९२४ सालीं प्रसिद्ध केलेली महिकावतीची बखर उत्तर कोंकणच्या वसाहतीचें मोलाचें साधन होय. परंतु तिच्या आधारें मुळामुठेकांठच्या खराडींतील पठारे घराण्यास मुंबईच्या पाठारे प्रभूंशीं जोडणें आम्हांस मान्य नाहीं. तेथें पाठारे हें ज्ञातीचें नांव असून आडनांवें धुरंधर, जयकर, कोठारे अशीं आहेत. येथें पठारे हेंच आडनांव. डोंगरावरून डोंगरे तसें पठारावरून पठारे, ही व्युत्पत्ति सरळ दिसते. तथापि तोही तर्कच. कुळाचा निर्णय ध्वनिसाम्यानें नव्हे, वतनपत्रें व महजर यांनींच व्हावा. असे कागद ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं ते कसरीच्या भक्ष्यस्थानीं पडण्यापूर्वीं उजेडांत आणावे.