भस्मासुराच्या गोष्टीत राख कुणाची?

मित्रहो, बारामती आणि इंदापूर अशा दोन्ही ठिकाणी आपण या विषयावर बोललो. त्या दोन बैठकांमधला मुख्य मुद्दा इथे एकत्र मांडतो आहोत. मुद्दा एका पुस्तकाच्या नावाचा आहे.

वि. ग. कानिटकर यांचं ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ मराठी घरांतून खूप वाचलं गेलं. हिटलर आणि दुसरं महायुद्ध यांची पहिली ओळख आपल्यापैकी अनेकांना त्यातूनच झाली. ते ऋण मान्य करूनच आपण त्याच्या नावातलं रूपक तपासणार आहोत. कारण असं बघा, पुस्तकातले तपशील काही वर्षांत विसरले जातात, पण भस्मासुर डोक्यात राहतो. मग जर्मनीतल्या ज्यूंचा छळ समजून घेतानाही आपण त्याच गोष्टीच्या चौकटीतून बघतो.

गोष्ट तुम्हाला पाठ आहे. शंकर वर देतो, असुर उलटतो, विष्णू मोहिनी होऊन नाचतो आणि असुर स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवतो. आता विचारा, या गोष्टीत राख कुणाची होते? आपण ऐकत आलो त्या गोष्टीत तरी एकट्या असुराचीच. देव वेळेवर येतो आणि बाकी सगळे वाचतात. युरोपात असं झालं नाही. असुर संपायच्या आधी सुमारे ६० लाख ज्यू मारले गेले. म्हणजे आपल्या रूपकात मारल्या गेलेल्यांना जागाच नाही. ही त्याची पहिली उणीव.

दुसरी उणीव ‘उदयास्त’ या शब्दात आहे. उदय आणि अस्त सूर्याचा होतो, त्याला कुणी मतं देत नाही. हिटलर मात्र ३० जानेवारी १९३३ रोजी रीतसर चॅन्सेलर नेमला गेला. २३ मार्चला संसदेनेच कायदे करण्याचा अधिकार त्याच्या सरकारला दिला. हजर असलेल्या पक्षांपैकी विरोधात मत दिलं ते फक्त सोशल डेमोक्रॅट पक्षाने. कम्युनिस्टांना तर सभागृहात येऊच दिलं नव्हतं. ७ एप्रिलला ज्यूंना सरकारी नोकऱ्यांतून काढण्याचा कायदा आला. १९३५ मध्ये न्यूरेंबर्गच्या कायद्यांनी त्यांचं नागरिकत्व आणि ज्यूंशी होणारे आंतरधर्मीय विवाह यांवर घाला घातला. १९३८ मध्ये त्यांच्या पासपोर्टवर ‘जे’ अक्षराचा लाल शिक्का बसू लागला. हे सगळं राक्षसाने एकट्याने केलं नाही. शिक्का मारायला कारकून लागतो, रिकाम्या खुर्चीवर बसायला सहकारी लागतो.

आमच्या तत्त्वज्ञानाच्या प्रांतातलंच उदाहरण घ्या. मार्टिन हायडेगर १९३३ मध्ये फ्रायबुर्ग विद्यापीठाचा रेक्टर झाला आणि नाझी पक्षात गेला. ज्याला त्याने आपला मुख्य ग्रंथ अर्पण केला होता तो एडमंड हुसेर्ल जन्माने ज्यू. १९४१ च्या आवृत्तीतून ती अर्पणपत्रिका गायब झाली. एक पान काढलं, एवढंच! पण अशा पानापानांनीच माणसं पुसली गेली.

मग रूपक टाकून द्यायचं का? नाही. आपण त्याचा उत्तरार्धच वाचतो, पूर्वार्ध वाचत नाही, ही खरी अडचण आहे. वर मागताना भस्मासुर असुर दिसत नाही. तो तपस्वी दिसतो, शिस्तीचा दिसतो. डॉ. बा. शि. मुंजे मार्च १९३१ मध्ये रोमला मुसोलिनीला भेटले आणि तिथल्या मुलांच्या लष्करी संघटना पाहून प्रभावित झाले. त्याच इटलीने १९३८ मध्ये वंशभेदाचे कायदे करून ज्यू मुलांना सरकारी शाळांतून आणि ज्यू प्राध्यापकांना विद्यापीठांतून बाहेर काढलं. ‘हिटलर वाईट, पण शिस्त बघा’ हे वाक्य आजही चहाच्या टपरीवर ऐकू येतं. ती शिस्त कुणाच्या मानेवर बसली, हे विचारल्याशिवाय तिचं कौतुक करता येत नाही.

‘हे सगळं लांबचं, आपल्याकडे ज्यूंना कुणी छळलं नाही,’ असंही आपण म्हणतो. त्यात तथ्य आहे. कोकणातले बेने इस्रायली, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे ‘शनवार तेली’, पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत इथे राहिले. नाझींपासून सुटलेले काही ज्यू मुंबईला आले. आकाशवाणीची ओळखधून ज्याच्या नावे सांगितली जाते तो वॉल्टर कॉफमन त्यांच्यापैकीच.

पण पुढचं पान आपल्याच पुणे जिल्ह्यातलं आहे. बारामतीहून मोरगाव, जेजुरी, सासवड असं गेलं की पुरंदर लागतो. महायुद्धात ब्रिटिश सरकारने तिथे जर्मन नागरिकांना स्थानबद्ध ठेवलं, त्यांच्यात हिटलरपासून पळालेले ज्यूही होते. कारण काय, तर पासपोर्ट जर्मन. जर्मनीने ज्याला परका ठरवलं त्यालाच इथे जर्मन म्हणून शत्रू ठरवलं! दोन्ही गोष्टी एका मापाच्या नाहीत. एका सरकारला माणूस संपवायचा होता, दुसऱ्याने चौकशीनंतर अनेकांना सोडलं. तरी दोन्हीकडे माणसाआधी रकाना वाचला गेला.

म्हणून कानिटकरांचं पुस्तक जरूर वाचा. मात्र प्रत्येक प्रकरणाशी दोन प्रश्न विचारा: वर कुणी दिला, आणि राख कुणाची झाली? भस्मासुराचा शेवट कसा झाला हे आपल्याला आधीच माहीत आहे. त्याने कुणाचं पुन्हा काही भलं होत नाही.

इथे थांबू या. प्रश्न असतील ते घेऊ.