मागचे पाटे

गाडीचे पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग, बसलेत हे गाडी उभी असतानाच कळतं. आमची जिप्सी किंग गेली दोन वर्षं मागून अशी झुकलेली असायची, की बूड टेकवायला जागा शोधणारी म्हैसच. मिस्त्रींनी खाली वाकूनही पाहिलं नाही. "पाटे बदला," एवढंच म्हणाले. कोणते, ते माझ्यावर सोडलं. दुकानदाराने तीन तऱ्हा पुढे केल्या: कंपनीच्या मापाचे, एक पाटा जास्त घातलेले आणि गाडी दोन इंच उचलणारे. तिसऱ्यांची कमान बघून मन तिकडे धावतंच. पण त्या दिवशी मी काहीच घेतलं नाही. गॅरेजात पाट्यांची जुनी जुडी खाली काढायला लावली, तिला मधोमध बांधणारा सेंटर बोल्ट सोडायला लावला आणि एकेक पाटा जमिनीवर मांडून बघत बसलो.

जुडीतले सगळे पाटे एकाच कमानीचे असतात असं मी इतकी वर्षं समजत होतो. तसं नसतं. सर्वांत वरचा मुख्य पाटा लांब आणि जरा सपाट असतो. त्याखालचा आखूड आणि थोडा जास्त वाकलेला, त्याखालचा आणखी आखूड, आणखी वाकलेला. नवे पाटे नुसते एकावर एक ठेवले, तर टोकं टेकतात आणि मधे फट राहते. सेंटर बोल्ट आवळला की ती फट मिटते. खालचे पाटे थोडे उलगडतात, मुख्य पाटा थोडा जास्त वाकतो. म्हणजे गाडीचं वजन ज्या दिशेने त्याला सरळ करणार, त्याच्या उलट दिशेचा ताण त्याच्यात आधीच भरलेला असतो. जुडी गाडीला जोडणारे दोन्ही टोकांचे डोळे त्याचेच. ब्रेकचा ओढा, वळणावरचा पीळ, खड्ड्याचा हिसका हे सगळं पहिल्यांदा त्याच्याच अंगावर येतं. म्हणून धाकट्यांनी त्याला आधीच थोडं हलकं करून ठेवायचं. चांगल्या गाण्यात एखादी जागा असते, ऐकताना लक्षातही येत नाही आणि काढली तर गाणं पडतं, तशी ही फट. बाहेरून ती कधीच दिसत नाही.

आमच्या जुडीत ती उरलीच नव्हती. बोल्ट सुटला तरी पाटे जागचे हलले नाहीत. मधे गंजाची तपकिरी भुकटी, आणि जिथे खालच्याचं टोक वरच्यावर घासत होतं तिथे घासून झालेली चंद्रकोरीसारखी खाच. या घासण्याचंही काम असतं. त्यातच थोडा धक्का जिरतो. गंजाने पाटे चिकटले की बारीक खड्डे थेट माणसांच्या मणक्यात उतरतात, आणि जिप्सीत मागे आडव्या बाकावर बसलेल्यांना हे सांगावं लागत नाही. उजवी जुडी डावीपेक्षा बोटभर जास्त बसलेली होती. ती माझी बाजू. वीस वर्षं बहुतेक वेळा गाडीत मी एकटाच. जुन्या सिरीज लँड रोव्हरमध्ये चालकाच्या बाजूचा पाटा मुळातच वेगळा देत, ते उगाच नव्हे.

एवढं पाहिल्यावर दुकानातल्या तिन्ही जोड्या वेगळ्या दिसायला लागल्या. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. सहा मिलिमीटरच्या जागी सात घेतला तर हातात फरक जाणवत नाही, पण तो पाटा जवळजवळ ६० टक्के जास्त कडक होतो. आठ घेतला तर दुपटीहून जास्त. पाटे वाढवले तर मात्र वाढ सरळ हिशेबाने होते. पाचाचे सहा केले तर फार तर पंचमांश, नवा पाटा आखूड असेल तर त्याहून कमी. म्हणून मला जाड आणि मोजक्या पाट्यांपेक्षा पातळ आणि पुष्कळ पाट्यांची जुडी आवडते. तिच्यात भाराला हळूहळू हो म्हणण्याची रीत असते.

जिप्सी १९८५ साली आली, किंग १९९६ साली, आणि शेवटपर्यंत पुढे-मागे पाट्यांवरच चालली. पण सगळ्या जिप्सींचं ओझं सारखं नाही. ताडोबात सहा पर्यटक, गाईड आणि चालक अशी आठ माणसं, तीही बहुतेक मागच्या उंच बाकांवर. पाचशे किलोच्या आसपास भार, रोज दोनदा, कच्च्या रस्त्याने. तिथे जास्तीचा पाटा शोभतो, लागतोच. तोच माझ्या रिकाम्या गाडीखाली घातला तर ती दगडावरून उड्या मारत जाईल आणि चाक जमीन सोडेल. चाक जमिनीला चिकटून राहावं म्हणून तर पाटा! दोन इंच उचलणाऱ्यांचं आणखी एक: कमान वाढली की दोन डोळ्यांतलं अंतर घटतं, मागच्या डोळ्याला धरणारा झुलता शॅकल पुढे ओढला जातो, प्रॉपेलर शाफ्टचा कोन बदलतो आणि ब्रेकचा होज ताणतो. उंची पाहिजे असते ती बहुतेकदा फोटोत.

जुन्यांनाच कमान मारून घ्या, असंही एकाने सुचवलं. लाल करून वाकवलेल्या पाट्याचं पाणी उतरतं. पुन्हा नीट पाणी दिलं नाही तर तो महिन्या-दोन महिन्यांत बसतो. थंड ठोकलेला त्याहून बरा, पण थकलेलं पोलाद थकलेलंच.

मी कंपनीच्या मापाचे घेतले. यू-बोल्टही नवे घेतले. एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा वापरणं ही काटकसर नव्हे. डोळ्यांतले बोल्ट मिस्त्रींनी हातानेच लावून ठेवले, गाडी चाकांवर उतरवली, मागून दोनदा दाबून हलवली आणि मगच पाना घेतला. हवेत आवळले असते तर रबरी बुश कायमचे पिळलेले राहिले असते आणि लवकरच फाटले असते.

जुना मुख्य पाटा मी गावाकडे नेला. लोहाराने त्याच्यावर हातोडी टाकली, नाद ऐकला आणि विचारलं, "गाडीचा ना?" मी हो म्हटलं. "दोन कोयते निघतील. पाणी मी देतो."