बिबट्या झोपतो, गाय काहीच सांगत नाही: डार्टवरचे दोन पेपर

तुम्ही जुन्नर-आंबेगावकडचे असाल तर डार्ट म्हणजे काय हे सांगायला नको. उसात बिबट्या अडकला किंवा विहिरीत पडला की वनखात्याची गाडी येते, लांबून औषधाची सुई मारतात, जनावर झोपलं की पिंजऱ्यात घालून माणिकडोहला नेतात. मग निरगुडसरचा एखादा शेतकरी विचारणारच, "बिबट्याला लांबून औषध देता येतं, तर मारक्या बैलाला का नाही?" अमेरिकेत मोठ्या कुरणांवर गुरांना अँटिबायोटिक असं देतातही. जनावर कळपातून हाकून आणायला नको, दोर नको, खोडा नको.

या प्रश्नासाठी दोन पेपर शेजारी ठेवून वाचू या. रिसर्चमध्ये येऊ पाहणाऱ्यांना मी ते मुद्दाम सुचवतो, कारण यंत्र जवळपास एकच असलं तरी पुराव्याचा प्रकार पूर्ण वेगळा आहे.

पहिला अनिरुद्ध बेलसरे आणि विद्या अत्रेय यांचा, 'जर्नल ऑफ झू अँड वाइल्डलाइफ मेडिसिन'मधला, 2010 चा. जानेवारी 2003 ते एप्रिल 2008 या काळात 55 वेळा जंगली बिबट्यांना झायलाझिन आणि केटामिन यांचं मिश्रण देऊन भूल दिली, त्याचा हा हिशोब. वजनाचा अंदाज घेऊन मात्रा ठरवायची. अंदाजच येत नसेल तर सुरुवातीला 50 मिलिग्रॅम झायलाझिन आणि 150 मिलिग्रॅम केटामिन. कमी पडलं तर वरून फक्त केटामिन. भोवती आवरता न येणारी गर्दी आणि हाताशी मोजकीच साधनं. नंतर किमान महिनाभर जिवावर बेतणारा दुष्परिणाम नोंदला गेला नाही.

आता तुम्ही म्हणाल, यात कंट्रोल ग्रुप कुठे आहे? नाहीये. वजनही बऱ्याचदा अंदाजाचं. पद्धतीच्या तासाला असा पेपर मांडला तर दोन मिनिटांत चिरफाड होईल. तरी मला तो भक्कम वाटतो, आणि त्याचं कारण बिबट्याच देतो. औषध पोचलं की नाही हे जनावर स्वतः दाखवतं. डुलतं, बसतं, मान टाकतं. नाही टाकली तर डॉक्टर आणखी केटामिन देतो. म्हणजे डार्टची चूक त्याच जागी, काही मिनिटांत उघडी पडते आणि दुरुस्तही होते. परिणाम बघून मात्रा वाढवायची ही पद्धत असल्यामुळे सुरुवातीचा अंदाज थोडा चुकला तरी चालतं. (गर्दी तेवढी वेळ थांबेल का, हा भाग वेगळा.)

दुसरा पेपर 2018 चा, 'जर्नल ऑफ अॅनिमल सायन्स'मधला, कोएट्झी आणि सहकाऱ्यांचा. होल्स्टीन जातीच्या, खच्ची केलेल्या वासरांना ट्युलाथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दिलं: काहींना डार्टने, काहींना नेहमीसारखं कातडीखाली टोचून. निष्कर्ष शीर्षकातच आहे. डार्टवाल्यांच्या शरीरात औषधाचं प्रमाण कमी भरलं, आणि ताणाच्या व सुईच्या जागेवरच्या सुजेच्या खुणा जास्त दिसल्या.

पण मला या पेपरमधली सगळ्यात आवडलेली गोष्ट निष्कर्षात नाही, पद्धतीच्या भागात आहे. त्यांनी प्रत्येक डार्ट मारण्याआधी आणि मारल्यानंतर वजन करून पाहिला. बस, एवढंच! पण त्यामुळे कळलं की काही डार्ट बरोबर लागूनही ठरलेली मात्रा आत गेलीच नव्हती. कुरणावरच्या माणसाला हे कसं कळणार? त्याने नेम धरला, डार्ट लागला, खाली पडला, वहीत नोंद झाली: उपचार केला. गाय मात्र काहीच सांगत नाही. अँटिबायोटिक पोचलं की ती डुलत नाही, अर्धंच पोचलं तरी तशीच उभी राहते. कळायला दोन-तीन दिवस जातात, आणि तेव्हाही दोष आजाराला दिला जातो, डार्टला नाही. अर्धवट मात्रेत टिकून राहिलेल्या जंतूंचा प्रश्न तर वेगळाच.

म्हणून वर विचारलेल्या प्रश्नाला "बिबट्याला चालतं म्हणून बैलाला चालेल" हे उत्तर होत नाही. एकीकडे परिणाम डोळ्यांसमोर आहे, दुसरीकडे लपलेला. तुमच्या विषयात डार्ट नसेल, पण "दिलं" आणि "पोचलं" यातला फरक असणारच. खत टाकलं आणि मुळांनी घेतलं, गोळ्या वाटल्या आणि रोग्याने गिळल्या. तुमच्या तक्त्यातला 'उपचार' नावाचा रकाना यातलं नक्की काय मोजतो, ते आधी बघा.

आता दुसऱ्या पेपरवर माझ्या दोन तक्रारी. एक, तुलना कशाशी? खोड्यात उभं करून नीट टोचलेल्या इंजेक्शनपुढे डार्ट हरणार, यात फार आश्चर्य नाही. पण डार्ट वापरणाऱ्या माणसापुढे बहुतेक वेळा तो पर्यायच नसतो. त्याच्यापुढे दोर टाकून पाडणं असतं, किंवा आजारी जनावर तसंच सोडणं. त्या दोन पर्यायांशी तुलना झाली तर निकाल असाच येईल हे या पेपरवरून म्हणता येत नाही. दोन, इथे रक्तातलं प्रमाण आणि त्रास मोजलाय, आजार बरा होणं नाही. प्रमाण कमी म्हणजे गुण कमी, हे पटण्यासारखं आहे, पण ते अनुमान आहे. पेपर उद्धृत करताना ही पायरी गाळू नका. आणि एक काम तुमच्यासाठी: मात्रा पूर्ण न पोचलेली वासरं सरासरीत धरली की बाजूला काढली, आणि दोन्ही रीतींनी निष्कर्ष कसा बदलेल, हे मूळ पेपर उघडून स्वतः तपासा. दोन्ही रीतींना अर्थ आहे, पण त्या दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत.

निरगुडसरपर्यंत हा निष्कर्ष आणायचा तर आणखी एक मोठी अडचण आहे. आपल्याकडच्या गोठ्यातली संकरित गाय दाव्याला बांधलेली असते, दिवसातून दोनदा धारेला हात लागतो, तिला लांबून सुई मारायची गरजच नाही. शिवाय ती दुधाची. अमेरिकेत ट्युलाथ्रोमायसिनच्या लेबलवर 20 महिने किंवा त्याहून मोठ्या दुधाळ जातीच्या माद्यांना ते देऊ नये असं लिहिलेलं आहे, आणि मांसासाठी 18 दिवस थांबायला सांगितलंय. हे 18 दिवस लेबलवरच्या मार्गासाठी आहेत, म्हणजे मानेला, कातडीखाली. डार्ट पुठ्ठ्यात घुसला, औषध क्षणार्धात जोराने स्नायूत ढकललं गेलं, तर तोच आकडा लागू आहे असं धरता येत नाही. आणि आपल्याकडे दूध तर त्याच संध्याकाळी संकलन केंद्रावर जातं.

मग उरतात कोण? शर्यतीचा खिलार, जो घरच्या माणसाशिवाय कुणाला जवळ येऊ देत नाही, मोकाट वळू, आणि आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात, भीमाशंकरच्या बाजूला रानात चरणारी गुरं. यांच्यासाठी कुणाला अभ्यास करायचा असेल तर मी तीन गट सुचवीन: डार्ट, दोराने धरून इंजेक्शन, आणि घरच्या माणसाला वेसण धरायला लावून इंजेक्शन. प्रत्येक डार्ट आधी आणि नंतर तोलायचा. रक्ताचे नमुने घ्यायला जनावर पुन्हा पुन्हा धरावं लागणार, आणि ज्याला धरता येत नाही म्हणूनच डार्ट हवा होता त्याला धरायचं कसं, इथे या अभ्यासाची खरी गोची आहे. ती सोडवणारी रचना तुमच्यापैकी कुणाला सुचली तर खाली लिहा.