किराण्याचा सूर, ओकलंडच्या वर्गात

मिरजेमुळे, सवाई गंधर्वांमुळे किराणा घराणं आपल्याला घरचंच वाटतं. त्याची एक फांदी आपल्या बे एरियात रुजली आणि ती जगवणाऱ्यांत एक अमेरिकन संगीतकार आहे, हे मात्र मंडळातल्या कितीतरी रसिकांना ठाऊक नसतं.

टेरी रायली. १९६४ साली त्यांची 'इन सी' सॅन फ्रान्सिस्कोत वाजली. स्वरांचे ५३ छोटे तुकडे. प्रत्येक वादकानं ते क्रमानं घ्यायचे, पण एकेक तुकडा किती वेळा घोळवायचा ते स्वतः ठरवायचं. या रचनेनं पाश्चात्त्य संगीतात नवी वाट पाडली. असं नाव झालेला हा माणूस १९७० मध्ये, पस्तिशीत, पंडित प्राणनाथांपुढे षड्ज लावायला बसला!

प्राणनाथ मूळचे लाहोरचे, उस्ताद अब्दुल वहीद खाँचे शिष्य. हिराबाई बडोदेकरांनाही याच खाँसाहेबांची तालीम. म्हणजे रायली नात्यानं हिराबाईंच्या गुरुबंधूंचे शागीर्द. खाँसाहेबांची सावकाश बढत, एकेका स्वराशी थांबणं प्राणनाथांनी अमेरिकेत तसंच शिकवलं. श्रोते परके म्हणून विलंबित आखडलं नाही, याचं मला फार मोल वाटतं.

रायली गुरूंबरोबर भारतात गेले. मैफलींत त्यांच्या मागे तानपुरा धरला, तबल्याची साथ केली, गायले. ओकलंडच्या मिल्स कॉलेजात स्वतः हे संगीत शिकवलं. सत्तरच्या दशकात कागदावर रचना लिहिणं जवळपास थांबलंच होतं. मग मिल्समध्येच क्रोनोस या तंतुवाद्य-चौकडीचे डेव्हिड हॅरिंग्टन भेटले, त्यांनी आग्रह धरला आणि लेखणी पुन्हा चालू लागली. १९८६ च्या 'द हार्प ऑफ न्यू अल्बियन'साठी रायलींनी पियानोची नेहमीची जुळणी सोडून तो नैसर्गिक स्वरांतरांत लावून घेतला. तानपुऱ्याजवळ वर्षानुवर्षं बसलेला कान मला त्यात ऐकू येतो.

१९९६ मध्ये प्राणनाथ बर्कलेत वारले, तोवर ही तालीम चालू होती. रायली २०२० पासून जपानात राहतात आणि तिथल्या विद्यार्थ्यांना राग शिकवतात.

प्राणनाथांचा यमन कल्याण ध्वनिमुद्रित आहे. गाणं शिकणाऱ्या आपल्या मुलांना तो सवडीनं ऐकवा. आणि रायलींच्या रचना वाजवणाऱ्या इथल्या कलाकारांना पाडव्याच्या बैठकीला बोलवावं, अशी समितीला माझी मनापासून विनंती आहे.