पुणें गॅझेटियरांतील कारागिरांचीं वसतिस्थानें : एक परीक्षण

कँबेल यांच्या संपादकत्वाखालीं १८८५ सालीं निघालेलें पुणें जिल्ह्याचें गॅझेटियर हें आमच्या वाचकांच्या नित्य हातांतलें पुस्तक आहे. त्याचे उपकार मान्य करूनही त्याच्या मांडणींतील एक दोष दाखविणें आम्हांस अवश्य वाटतें. तांब्यापितळेचीं भांडीं, हस्तिदंती फण्या, कागद इत्यादि धंद्यांचें वर्णन दुसऱ्या भागांत, आणि शहराच्या पेठांचें तिसऱ्या भागांत. कारागीर व त्याचें घर यांची अशी फारकत झाल्यामुळें मागाहून लिहिणारे हा सांधा आळ्यांच्या नांवांवरून जुळवितात. जेथें नांव तेथें धंदा, आणि जेथें धंदा तेथेंच वस्ती, असें हें अनुमान आहे.

तें सर्वत्र टिकत नाहीं. एकट्या कसबा पेठेंतच तांबट आळी व कागदीपुरा अशीं दोन स्थळें आहेत. तांबट आळींत हातोड्याचा ठोका आजही ऐकूं येतो. तेथें नांव हें प्रमाण होय. कागदीपुऱ्यांत कागद होत नाहीं, नांव तेवढें उरलें. हातकागदाची संस्था १९४० सालीं निघाली, ती आहे शिवाजीनगरांत, म्हणजे नदीपलीकडे. तेव्हां केवळ ‘कागदीपुरा’ या नांवावर भिस्त ठेवून एखाद्या पोथीचा कागद पुण्याचा व अमुक काळाचा असें ठरविणें धाडसाचें आहे.

घर एकीकडे व काम दुसरीकडे ही स्थिति संगणकाच्या धंद्याबरोबर आली, हें म्हणणेंही कालदृष्ट्या चूक. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ चा, गॅझेटियरच्याही सोळा वर्षें आधींचा. तेथील काम घरच्या ओटीवर बसून होण्यासारखें नव्हतें. १९६० नंतर पिंपरी-भोसरीकडे यंत्रकामाचे कारखाने गेले, आणि पुढें हिंजवडीस संगणक-अभियंते जाऊं लागले. ते राहतात कोथरूडला, बाणेरला, वाकडला. हिंजवडीचें उद्यान उभें राहिलें तेव्हां तें गांव कोणत्याच महापालिकेच्या हद्दींत नव्हतें. म्हणजे घराची नोंद एका दप्तरांत व कामाच्या जागेची औद्योगिक महामंडळाच्या. गॅझेटियरांत जी फारकत संपादकानें केली, ती येथें दप्तरांनींच करून ठेविली आहे.

अभियंत्यांच्या नांवाची आळी कोठें पडलेली आमच्या पाहण्यांत नाहीं. म्हणून संग्राहकांनीं आजचे भाडेकरार व कंपन्यांच्या गाड्यांचीं वेळापत्रकें रद्दींत घालूं नयेत. वेळापत्रकावर थांब्याचें नांव असतें आणि वेळही असते.